‘सिटी ऑफ ॲशेस’ : दुसरे पुस्तक आणि सायमनची गोष्ट

कॅसांड्रा क्लेअर यांच्या ‘द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स’ या मालिकेतले दुसरे पुस्तक, ‘सिटी ऑफ ॲशेस’, २००८ साली प्रसिद्ध झाले. सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला क्लासला जाणारी अकरावी-बारावीची मुले आज ते हाती घेतात, तेव्हा पुस्तक जवळजवळ त्यांच्याच वयाचे असते. तरीही ते एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात फिरत राहते. माझ्याकडे ते माझ्या भाचीकडून आले. मालिकेचा पहिला भाग, ‘सिटी ऑफ बोन्स’, मी आधी वाचला होता आणि तो मला बेताचाच आवडला होता. या दुसऱ्या भागाबद्दल मात्र सविस्तर लिहावेसे वाटले. पहिल्या पुस्तकाने जे अद्भुत जग केवळ दाखवले, त्या जगात पाऊल टाकण्याची किंमत कोणाला मोजावी लागते याचा हिशेब हे पुस्तक मांडते, आणि तो मांडताना ते देखण्या, शूर नायकापेक्षा त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या एका साध्या मुलाकडे अधिक आस्थेने पाहते. मधल्या काही घडामोडी सांगितल्याशिवाय हे दाखवता येणार नाही. शेवट मात्र सांगत नाही.

ज्यांनी पहिला भाग वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. क्लेरी फ्रे ही न्यूयॉर्कमध्ये आईबरोबर राहणारी किशोरवयीन मुलगी. आपल्या आईने आपल्यापासून एक संपूर्ण पूर्वायुष्य लपवून ठेवले आहे, हे तिला पहिल्या पुस्तकात कळते. देवदूताच्या रक्ताचा अंश असलेले, अंगावर रून नावाच्या खुणा रेखून बळ मिळवणारे आणि राक्षसांचा संहार करणारे शॅडोहंटर या शहरात राहतात. त्यांच्याखेरीज व्हॅम्पायर, लांडग्याचे रूप घेणारी माणसे, जादूगार आणि परीलोकातले रहिवासी अशा चार जमातीही येथे आहेत, आणि या सगळ्यांमध्ये शांतता राखणारा एक करार आहे. व्हॅलेंटाइन हा बंडखोर शॅडोहंटर तो करार मोडू पाहतो. तीन दैवी वस्तूंपैकी पेला त्याने पहिल्या पुस्तकाच्या शेवटी मिळवला आहे. क्लेरीचे मन ज्याच्यावर जडले तो जेस हा आपला सख्खा भाऊ आणि व्हॅलेंटाइन हा दोघांचा बाप, हेही तिला तेथेच कळते. तिची आई रुग्णालयात बेशुद्धावस्थेत आहे. दुसरे पुस्तक या टोकापासून सुरू होते आणि व्हॅलेंटाइनची नजर आता दुसऱ्या वस्तूवर, म्हणजे तलवारीवर आहे.

शहरातली अद्भुतकथा हा प्रकार मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, वेताळ गावाच्या शिवेवर, अशी आपल्याकडच्या भुतांचीही जागा ठरलेली असते आणि प्रत्येकाचे नियमही ठरलेले असतात. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी याच सांगलीत मराठी रंगभूमीचा आरंभ केला, तेव्हा त्या नाटकांतले राक्षस आरोळ्या ठोकत रंगमंचावर येत आणि प्रेक्षक त्यांच्या दर्शनाने हादरत. आपल्या परंपरेतली भुते आणि राक्षस यांचा बंदोबस्त मात्र देव किंवा मांत्रिक करतो. क्लेअर यांच्या जगात त्यांना कायदा लागू आहे, त्यांचे प्रतिनिधी आहेत, त्यांच्याशी झालेला तह आहे, आणि तो तह न पाळणारी माणसेही आहेत. अद्भुताचा कारभार नागरी असणे हे या प्रकाराचे बलस्थान आहे आणि दुसऱ्या पुस्तकात ते पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक ठसठशीतपणे उतरले आहे. पहिल्या पुस्तकात ओळखीच करून देण्यात पाने खर्ची पडली होती. येथे त्या कारभाराची यंत्रे प्रत्यक्ष फिरताना दिसतात आणि त्यांत माणसे चिरडलीही जातात.

न्यूयॉर्कच्या वाचकाला या पुस्तकात जे सुख मिळत असेल ते सांगलीच्या वाचकाला मिळणार नाही, हेही नोंदवले पाहिजे. सेंट्रल पार्कमधल्या टर्टल पाँड या तळ्यातून परीराणीच्या दरबाराकडे वाट जाते, मॅनहॅटनमधल्या एका जुन्या दफनभूमीखाली मौनव्रती धर्मबंधूंची नगरी आहे, असे वाचताना ज्याने ते तळे आणि ती दफनभूमी पाहिली आहे त्याच्या मनात ओळखीची जागा एकदम अनोळखी होते. आपल्याला तळेही नवे आणि त्याखालचा दरबारही नवा, त्यामुळे तो धक्का निम्माच बसतो. याला माझ्या भाचीने स्वतःपुरता एक उपाय काढला आहे. ती म्हणाली, “मावशी, मी सगळं आपल्याकडेच आणून बसवते. दरबार हरिपूरच्या संगमापाशी, आणि व्हॅलेंटाइनचं जहाज आयर्विन पुलाच्या खाली.” कृष्णा आणि वारणा जेथे एकत्र येतात ती जागा परीलोकाच्या दारासाठी किती योग्य आहे, हे तिने सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. पुस्तक वाचकाला स्वतःचे गाव असे नव्याने पाहायला लावत असेल, तर शहराच्या तपशिलांचा हेतू दूरच्या वाचकापर्यंतही पोहोचला असे मी मानते.

आता सायमनकडे वळते. सायमन लुईस हा क्लेरीचा लहानपणापासूनचा मित्र. अंगात देवदूताचे रक्त नाही, हातात शस्त्र नाही, जादू नाही. तो बँडमध्ये वाजवतो, विनोद करतो आणि क्लेरीवर प्रेम करतो. या पुस्तकाच्या आरंभी तिने त्याचे प्रेम जवळजवळ स्वीकारलेले असते, पण तिचे मन दुसरीकडे आहे हे त्यालाही ठाऊक असते. परीराणीच्या दरबारात ती गोष्ट सर्वांदेखत उघडी पडते. राणीने घातलेली अट क्रूर आहे, आणि तिची क्रूरता अशी की परीलोकातल्या रहिवाशांना खोटे बोलता येत नाही. सायमन तेथे उभा राहून ते पाहतो. त्यानंतर तो एकटा निघून जातो आणि त्याचे पाय त्याला व्हॅम्पायरांच्या पडक्या हॉटेलाकडे नेतात. पहिल्या पुस्तकात त्याच्या पोटात गेलेले व्हॅम्पायरचे थोडेसे रक्त त्याला तिकडे ओढत असते. परत येते ते त्याचे कलेवर.

येथून पुढची काही पाने या पुस्तकातली सर्वोत्तम पाने आहेत. त्याला कायमचे जाऊ द्यायचे, की पुरून व्हॅम्पायर म्हणून पुन्हा उठू द्यायचे, हा निर्णय क्लेरीला घ्यावा लागतो. ज्याचे आयुष्य आहे त्याला विचारण्याची सोय उरलेली नाही. सायमन ज्यू असल्यामुळे त्याला क्वीन्समधल्या ज्यू दफनभूमीत पुरले जाते, आणि मग तो स्वतःच माती उकरत वर येतो, भुकेने वेडापिसा झालेला. लेखिकेने या प्रसंगाला रोमांचक वळण देण्याचा मोह टाळला आहे. वर आलेला मुलगा देखणा, गूढ, बलवान असा काही दिसत नाही. तो घाबरलेला आणि चिखलाने माखलेला असतो, आणि आपल्याला झालेले काय हे त्याला नीट उमगलेलेही नसते. पुढे देवाचे नाव उच्चारायला गेले की त्याची जीभ अडते. जो मुलगा फारसा धार्मिक नव्हता त्याच्या बाबतीत हा तपशील विशेष लागतो, कारण देवाचे नाव आपण सहज, सवयीने घेत होतो हे त्याला ते घेता येईनासे झाल्यावर कळते.

त्यानंतरचा भाग तर भयकथेच्या चौकटीत मावणारा नाही. सायमनला घरी जायचे आहे. घरी आई आहे, बहीण आहे, ठरलेल्या वेळी जेवण आहे, आणि यांतले काहीच आता त्याच्यासाठी पूर्वीसारखे राहिलेले नाही. आईला सांगावे तर ती काय म्हणेल, न सांगावे तर दिवसा खोलीचे पडदे ओढून किती काळ बसायचे? सोळा-सतरा वर्षांच्या कोणत्याही मुलाला कधी ना कधी असे काहीतरी घरापासून लपवावे लागते, आणि लपवलेली गोष्ट जितकी मोठी तितके घर परके होत जाते. राक्षसांच्या झुंजी कितीही रंगवल्या तरी तरुण वाचक या घरात थांबतो. भाचीला जेस अधिक आवडत असेल अशी माझी समजूत होती. तिने मात्र खुणा घातलेली सगळी पाने सायमनची निघाली.

व्हॅलेंटाइनच्या कटाचा धागा सायमनपर्यंत ज्या रीतीने आणला आहे त्यातही कसब आहे. तलवारीची निष्ठा उलटवून तिला राक्षसांच्या बाजूला वळवायचे, तर चारही जमातींतल्या एकेका कोवळ्या जिवाचे रक्त लागते, म्हणून शहरात मुलांचे खून होऊ लागतात. हे खून बहुतांशी पडद्याआड घडतात, तरी त्यांचा धाक संपूर्ण पुस्तकावर राहतो. माया ही लांडग्याचे रूप घेणारी मुलगी याच धाग्यातून पुढे येते. तिच्या भावाने लहानपणी तिचा केलेला छळ आणि त्याच्या मृत्यूनंतरही न गेलेली तिची भीती लेखिकेने मोजक्या शब्दांत सांगितली आहे. भीतीचा राक्षस ॲग्रामन ज्याच्यासमोर जातो त्याच्या मनातल्या सर्वांत मोठ्या भयाचे रूप घेतो, आणि मायासमोर तो तिच्या मेलेल्या भावाच्या रूपात उभा राहतो. पुस्तकातल्या सगळ्या राक्षसांत मला हाच खरा वाटला.

भीतीचा हा विषय दुसऱ्या एका प्रसंगात फार सुंदर उलटा फिरवला आहे. क्लेरीला नव्या, पूर्वी कोणी न पाहिलेल्या रून सुचतात असे लक्षात आल्यावर तिने काढलेली निर्भयतेची खूण जेसच्या दत्तक भावावर, ॲलेकवर, करून पाहिली जाते. ॲलेकने तोवर शेकडो राक्षसांशी झुंज दिलेली आहे; त्याच्या बाबतीत भय कसले असणार असे सर्वांना वाटते. खूण अंगावर उमटताच तो आई-वडिलांकडे वळतो आणि मॅग्नस या जादूगारावर आपले प्रेम आहे हे सांगायला तोंड उघडतो. मॅग्नसच त्याला थांबवतो, कारण मंत्राने आलेल्या धैर्याच्या भरात बोललेल्या शब्दांचा ॲलेकला नंतर पश्चात्ताप होईल हे त्याला कळते. आपल्या घरांतूनही मुलांना बाहेरच्या जगापेक्षा आई-वडिलांसमोर उभे राहून एक वाक्य उच्चारण्याची भीती अधिक असते. पालकांनी हे पुस्तक वाचायचे कारण मला कोणी विचारले, तर मी हा प्रसंग दाखवीन.

आता इन्क्विझिटरविषयी लिहायला हवे, कारण या पुस्तकाबद्दल बोलताना वाचक तिला हटकून विसरतात. इमोजेन हेरॉन्डेल ही शॅडोहंटरांच्या सत्तेने पाठवलेली तपास अधिकारी. व्हॅलेंटाइनचा मुलगा म्हणून जेसकडे ती केवळ संशयाने पाहते, त्याला कैदेत टाकते, त्याचे एकही वाक्य खरे मानत नाही. ज्या तलवारीपुढे खोटे बोलता येत नाही त्या तलवारीने त्याची परीक्षा व्हायची असते, आणि नेमकी तीच तलवार व्हॅलेंटाइन पळवतो. निर्दोष असल्याचा पुरावा देण्याचे एकमेव साधनच नाहीसे होणे ही योजना उत्तम आहे. जेस कोठडीच्या अंधारात असताना बाहेर चाललेल्या कत्तलीचे त्याला फक्त आवाज ऐकू येतात. ती पाने मी श्वास रोखून वाचली.

इन्क्विझिटरच्या कठोरपणामागे तिचा स्वतःचा गेलेला मुलगा आहे. तो तरुणपणी व्हॅलेंटाइनच्या गटात ओढला गेला आणि मारला गेला. म्हणून ती असा डाव टाकते की जेसला ओलीस ठेवले तर व्हॅलेंटाइन पळवलेल्या वस्तू परत करील. मुलासाठी बाप काय देणार नाही, असा तिचा हिशेब. व्हॅलेंटाइन काहीच देत नाही. तिचे दुःख इतके मोठे आहे की सगळ्या आई-बापांचे मन आपल्यासारखेच असणार असे ती गृहीत धरून चालते, आणि ज्या ठिकाणी ती निर्दय वाटते त्याच ठिकाणी ती सर्वांत भाबडी ठरते. किशोरांसाठी लिहिलेल्या कादंबरीत एका प्रौढ, अप्रिय स्त्रीच्या चुकीला इतके खोल कारण दिलेले क्वचित आढळते. पुढे तिचे काय होते ते वाचकाने स्वतः वाचावे.

पुस्तकाचा शेवटचा तिसरा हिस्सा ईस्ट रिव्हरमध्ये नांगरलेल्या जहाजावर घडतो. ही नदी नावापुरतीच नदी आहे. प्रत्यक्षात ती भरती-ओहोटीचे खारे पाणी वाहणारी सामुद्रधुनी आहे. वाहत्या पाण्यावरच्या माणसाचा माग मंत्रानेही काढता येत नाही, या नियमाचा उपयोग लेखिकेने चांगला केला आहे. मॅग्नसच्या जादूच्या बळावर क्लेरीच्या आईचा मित्र ल्यूक याचा जुना ट्रक पाण्यावरून धावतो, तेही चित्र डोळ्यांसमोर राहते. सांगलीकराला नदीच्या पाण्याची भीती शिकवावी लागत नाही. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस फूट म्हणजे धोका, हे येथे शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते आणि २००५ व २०१९ चे पूर घराघरांत आठवले जातात. म्हणून अंधारात, पाण्यावर, परतीची वाट नसलेल्या जागी चाललेली ती लढाई आमच्या भागातला वाचक अधिक धास्तीने वाचील.

तरी हाच भाग मला पुस्तकातला सर्वांत विस्कळीत भाग वाटला. तलवारीचा विधी, राक्षसांचा हल्ला, बापलेकांची भेट, मायाची सुटका, सायमनचे संकट आणि क्लेरीची खूण, एवढे सगळे एकाच रात्री, एकाच जहाजावर कोंबलेले आहे. कोण कोठल्या डेकवर आहे हे कळण्यासाठी मला पाने मागे उलटावी लागली. त्याहून मोठी तक्रार क्लेरीच्या देणगीविषयी आहे. सायमनला, ॲलेकला, इन्क्विझिटरला, प्रत्येकाला आपापल्या कृतीची किंमत मोजावी लागते. क्लेरीला मात्र नव्या खुणा ऐन वेळी सुचतात आणि त्यासाठी तिचे काहीच जात नाही. ज्या पुस्तकाने बाकीच्या सर्वांकडून हिशेब चुकता करून घेतला, त्याने नायिकेला एवढी सूट द्यायला नको होती.

क्लेरी आणि जेस यांच्या प्रेमाविषयी आडपडदा न ठेवता लिहिणे भाग आहे. दोघे एकमेकांना भाऊ-बहीण समजतात आणि तरीही मन आवरू शकत नाहीत, ही परिस्थिती अनेक पालकांना आणि काही मुलांनाही अस्वस्थ करील. लेखिका या अस्वस्थतेचा चविष्टपणे वापर करत नाही. दोघांनाही ती लाज आणि यातनेसह दाखवते, आणि या नात्याचा खुलासा मालिकेत पुढे होतो. माझा आक्षेप नीतीपेक्षा रचनेवर अधिक आहे. तेच दुःख, त्याच तऱ्हेचे संवाद, तीच अर्धवट तुटलेली वाक्ये पुस्तकभर पुन्हा पुन्हा येतात आणि ज्या क्षणी सायमनजवळ थांबावेसे वाटते त्या क्षणी कथा पुन्हा या दोघांच्या घुसमटीकडे खेचली जाते. जेसचा खोचकपणाही असाच अति झाला आहे. प्राणावर बेतले असताना एखादा तिखट शेरा मारणारा नायक सुरुवातीला आवडतो. प्रत्येक संकटात तो शेरा ठरल्यासारखा आला की त्याच्या दुःखावरचा विश्वास उडू लागतो. बापाने आपल्याला आणि आपण बापाला काय मानायचे, या प्रश्नाशी जेव्हा तो एकटा झगडतो, तेव्हा मात्र त्याच्याविषयी खरी माया वाटते.

भाषा सोपी इंग्रजी आहे. वाक्ये लहान, संवाद भरपूर. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि अकरावीत गेल्यावर इंग्रजी कादंबरी वाचू इच्छिणाऱ्या मुलाला शब्दकोश फार वेळा उघडावा लागणार नाही. ख्रिस्ती धर्मकल्पनांतले देवदूत आणि राक्षस, युरोपीय परीकथांतले नियम यांची ओळख नसेल तर मधूनमधून अडखळायला होते, पण संदर्भावरून बहुतेक गोष्टी उलगडतात. रक्त, खून आणि मुलांचे मृत्यू यांचे प्रमाण पाहता चौदाच्या आतल्या वाचकाच्या हाती हे पुस्तक देऊ नये असे माझे मत आहे. पहिल्या पुस्तकावर २०१३ साली चित्रपट निघाला, पण त्याचा पुढचा भाग आला नाही. २०१६ ते २०१९ या काळात चाललेल्या दूरदर्शन मालिकेने मूळ कथेत बरेच फेरफार केले आहेत. मालिका पाहिलेल्या मुलांनी त्यामुळे आपल्याला सगळे माहीत आहे असे समजून पुस्तक बाजूला ठेवू नये.

विकत घेणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. ही एकूण सहा पुस्तके आहेत, आणि ती २००७ ते २०१४ या काळात प्रसिद्ध झाली. मूळ योजना तीन भागांचीच होती, त्यामुळे पहिल्या तीन पुस्तकांत एक कथा पूर्ण होते आणि उरलेली तीन नंतर जोडली गेली. आपल्याकडच्या दुकानांत पहिला भाग सहज मिळतो, पुढचे बहुधा मागवावे लागतात. दुसरे पुस्तक रुग्णालयाच्या दारात अशा ठिकाणी थांबते की तिसरे, म्हणजे ‘सिटी ऑफ ग्लास’, जवळ नसेल तर वाचकाची तगमग होईल. म्हणून दुसरे मागवताना तिसरेही त्याच खेपेला मागवावे, आणि चौथ्याचा विचार तिसरे वाचून झाल्यावर करावा.